ट्यूब संपल्या, दगडी हटेना

प्रश्न : आमच्या संकरित गाईच्या मागच्या डाव्या सडाला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दगडी (जंतूंमुळे येणारी कासेची सूज) झाली आहे. सडात औषधाची ट्यूब सोडली की दोन दिवसांत दुधातल्या गाठी जातात, पंधरवड्यात परत येतात. मेडिकलवाले आता ‘जास्त पॉवरची’ ट्यूब देतो म्हणतात. द्यावी का?
— एक दूध उत्पादक, ता. फलटण, जि. सातारा

उत्तर : नको. आधी दूध तपासून घ्या. गाठी गेल्या म्हणजे जंतू मेले असं नसतं. वारंवार उलटणाऱ्या दगडीत बरेचदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो आणि तो कासेत खोल दडून बसतो. औषध अर्ध्यात सोडलं की चिवट जंतू मागे उरतात, पुढच्या खेपेला तेच माजतात.

नमुना औषध सुरू करण्याआधीच घ्या. सड धुऊन कोरडं करा, पहिल्या तीन धारा वेगळ्या भांड्यात काढा. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा. बोळा मळला तर दुसरा घ्या. निर्जंतुक नळी तिरकी धरून ५ ते १० मिली दूध घ्या. उभ्या नळीत कासेवरचे केस आणि शेणाचे कण पडतात, मग प्रयोगशाळेत शेणातलेच जंतू वाढतात आणि नमुना वाया जातो. नळी बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. कोणतं औषध लागू पडतं ते साधारण दोन-तीन दिवसांत कळतं. गाय तापली असेल किंवा वैरण सोडली असेल तर मात्र नमुना घेऊन लगेच डॉक्टरांना बोलवा, अहवालाची वाट पाहू नका.

ट्यूबचं टोक जेमतेम ३-४ मिलिमीटर आत घाला. पूर्ण घुसवलं तर बाहेरची घाणच आत ढकलली जाते. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस पुरे करा.

औषध चालू असताना चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका. शेवटच्या डोसनंतर लेबलवर लिहिलेले दिवस पाळा. लिहिलेले नसतील तर आपल्याकडच्या नियमानुसार किमान ७ दिवस. उकळून औषधाचा अंश जात नाही. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतू मरतात. ते वासरालाही पाजू नका. थोड्या थोड्या औषधानं त्याच्या आतड्यातले जंतू निर्ढावतात आणि शेणातून गोठाभर पसरतात. पेनिसिलिनसारखी औषधं माणसांच्या आजारांतही वापरावी लागतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख माणसं दगावली.

दगडी बरी होईपर्यंत ही गाय सगळ्यात शेवटी पिळा आणि धारेनंतर लगेच वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत, अर्धा तास तरी, ती उभी राहील.