तोरीच्या आत पॅगोडा कसा?

प्रश्न : जपानमधील निक्को येथील तोशोगू हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान असल्याचे वाचले. मग त्याच्या आवारात पाच मजली पॅगोडा, म्हणजे बौद्ध मनोरा, कसा? हे स्थान नेमके कोणत्या धर्माचे मानावे?

उत्तर : आजच्या नोंदीनुसार तोशोगू शिंतोच आहे, मात्र ज्यांनी ते उभारले, त्यांना असा प्रश्न पडलाच नसता. सहाव्या शतकात बौद्ध धर्म जपानमध्ये पोहोचल्यानंतर तेथील देव हे बुद्धांची आणि बोधिसत्त्वांचीच प्रकट रूपे होत, अशी धारणा हळूहळू रुजली आणि एकाच आवारात दोन्ही उपासना शतकानुशतके नांदल्या.

तोशोगूमध्ये पुजले जाणारे दैवत म्हणजे शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएयासु. 1616 साली त्याचे निधन झाल्यावर त्याला कोणत्या पद्धतीने देवपद द्यावे यावर वाद झाला. तेव्हा तेंदाई या बौद्ध पंथाचा भिक्षू तेंकाई याने दोन्ही परंपरा जोडणाऱ्या पद्धतीचा आग्रह धरला. तोच मान्य झाला आणि 1617 मध्ये इएयासु निक्कोला ‘तोशो दाइगोंगेन’ (पूर्वेला प्रकाशणारा महान अवतार) म्हणून प्रतिष्ठित झाला. त्याचे मूळ रूप याकुशी, म्हणजे भैषज्यगुरू बुद्ध, मानले गेले आणि म्हणूनच आवारात याकुशीचे मंदिर आहे. त्याच्या छतावर मोठा ड्रॅगन रंगवलेला असून त्याच्या डोक्याखाली लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटले की नाद घुमत राहतो. तोच ठोका काही पावले बाजूला सरकून दिला तर तसा घुमत नाही. प्रवेशाची दगडी तोरी, म्हणजे शिंतो देवस्थानाची कमान, ओलांडताच डावीकडे दिसणारा पॅगोडा आगीनंतर 1818 मध्ये पुन्हा बांधलेला आहे.

आपल्याला जाणवणारी विसंगती 1868 नंतरची आहे. शोगुनांची सत्ता संपवून आलेल्या सम्राटाच्या मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध स्थाने विभक्त करण्याचे आदेश दिले, आणि कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानातील पॅगोडा तर 1870 मध्ये पाडूनच टाकण्यात आला. ही हानी भरून येण्याजोगी नव्हती. निक्कोमध्ये तोशोगू, फुतारासान देवस्थान आणि रिन्नोजी विहार अशी विभागणी झाली, रिन्नोजीचे मुख्य मंदिर दुसऱ्या जागी हलवावे लागले, पण पॅगोडा आणि याकुशीचे मंदिर जागेवरच राहिले. त्यामुळे पॅगोडा तेथे उपरा मानू नये. तो आजच्या विभागणीहून जुना आहे.