रास्पबेरी पाय ५ घेतोयस? आधी अडॅप्टरचं बघ

अरे रास्पबेरी पाय ५ (तो एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) घेतोयस ना, मस्तच, पण बोर्डाच्या आधी अडॅप्टरचं बघ. ह्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा लागतो, ३ अँपिअरवाला लावलास तरी चालू होतो पण मग सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपच सोडतो, आणि हार्डडिस्क का दिसत नाहीये म्हणून तू डोकं धरून बसशील (मी बसलोय, अख्खा रविवार गेला). स्पीड मात्र खरंच जाणवतो, आधीच्या पाय ४ च्या प्रोसेसरचे ए७२ कोर जाऊन २.४ गिगाहर्ट्झचे चार ए७६ आलेत. पण तापतो रे. ८० डिग्रीच्या पुढे गेला की स्वतःच स्पीड कमी करतो, त्यामुळे एप्रिलमधल्या पुण्यात पंख्याशिवाय चालवू नकोस. पॉवर बटण आलं एकदाचं! पीसीआयई (जादा हार्डवेअर जोडायचा वेगवान कनेक्टर) पण दिलंय, त्याला एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान स्टोरेज, लावता येते, फक्त हॅट (पायला जोडायचा छोटा बोर्ड) वेगळी घ्यावी लागते. हेडफोनचा जॅक काढलाय, आणि एचडीएमआय अजून मायक्रोच (छोट्या पोर्टवालं), ती केबल पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत मिळून जाईल पण अडॅप्टर तिथला कुठलाही उचलू नकोस, ओरिजिनल २७ वॉटचाच घे.