अंतराळात शस्त्रांना बंदी आहे ना, मग भांडण कसलं?

प्रश्न: नातू अकरावीत आहे. परवा जेवताना म्हणाला, अंतराळात शस्त्रं न्यायला १९६७ पासूनच बंदी आहे. आमचे हे म्हणाले, काहीतरीच काय, २०१९ ला आपणच क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडला की. ताटं तशीच राहिली. खरं कुणाचं?
– निवृत्त शिक्षिका, कोथरूड

उत्तर: काकू, दोघांचंही खरंय, आणि घोळ नेमका तिथंच आहे.

१९६७ चा बाह्य अवकाश करार आहे, भारतही त्यात आहे. त्याचं चौथं कलम म्हणतं की पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रं किंवा सामूहिक संहाराची शस्त्रं ठेवायची नाहीत, आणि चंद्रावर तर लष्करी तळ, शस्त्रांच्या चाचण्या असलं काहीच करायचं नाही. त्याआधी काय चाललं होतं बघा, ९ जुलै १९६२ ला अमेरिकेनं पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला, स्टारफिश प्राइम नाव त्या चाचणीचं, तर साधारण १,४५० किलोमीटर लांब हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले आणि पुढच्या काही महिन्यांत किरणोत्सारानं बरेच उपग्रह निकामी झाले, त्यात अमेरिकेचे स्वतःचेही होते.

पण ते कलम नीट वाचलं की कळतं, अण्वस्त्र नसलेलं साधं शस्त्र कक्षेत ठेवू नका असं त्यात कुठंच नाहीये, आणि जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह उडवण्याबद्दल तर अवाक्षर नाही. म्हणून अमेरिका, रशिया, चीन आणि आपण, चौघांनी स्वतःचेच उपग्रह फोडून दाखवलेत आणि करार मोडला असं कुणालाच म्हणता येत नाही.

मला खरी भीती वाटते ती फुटल्यावर उरणाऱ्या तुकड्यांची. चीननं जानेवारी २००७ मध्ये आपला जुना हवामान उपग्रह साधारण ८६५ किलोमीटरवर फोडला, त्याचे मोजता आलेले तुकडेच ३,००० च्या वर, आणि त्यातले बरेच अजून वर फिरतायत कारण तिथं हवा इतकी विरळ आहे की खाली ओढायला काही नाहीच. आपले पिकांची पाहणी करणारे रिसोर्ससॅट ८१७ किलोमीटरवर असतात, म्हणजे त्या कचऱ्याला लागूनच! वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर, पुणे ते मुंबई वीस सेकंदात. एवढ्या वेगात बोराएवढा नट जरी लागला तरी चालता उपग्रह कायमचा बंद पडू शकतो. नोव्हेंबर २०२१ ला रशियानं चाचणी केली तेव्हा अंतराळ स्थानकातले सातही जण जीव मुठीत धरून आपापल्या यानात जाऊन बसले, आणि त्यात रशियाचे स्वतःचे अंतराळवीर होते हो.

प्रश्न: मिशन शक्तीचा, म्हणजे २०१९ च्या आपल्या त्या चाचणीचा, मला अभिमान आहे. मग अशा चाचण्या थांबवा असं म्हणणं आपल्याला शोभतं का?
– इंजिनीअर, चाकण

उत्तर: अभिमान मलाही आहे, आणि माझ्या मते आपल्यालाच जास्त शोभतं. २७ मार्च २०१९ ला आपण मुद्दाम खालची, ३०० किलोमीटरच्या आतली उंची निवडली, त्यामुळं बहुतेक तुकडे लवकर वातावरणात जळून गेले. काही मात्र वर उसळले आणि वर्षापेक्षा जास्त टिकले, म्हणजे इतकी काळजी घेऊनही सगळं हातात राहत नाही हे आपण स्वतः बघितलंय.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत असा ठराव आला की उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्र चाचण्या करणार नाही असं प्रत्येक देशानं कबूल करावं. बाजूनं १५५, विरोधात ९, तटस्थ ९. आपण तटस्थ. भारताचं म्हणणं, नुसत्या शब्दावर नको, तपासता येईल असा बंधनकारक करार जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत व्हावा. मुद्दा चुकीचा नाहीये, पण तिथं सगळ्यांचं एकमत लागतं, अशा कराराचा रशिया-चीनचा मसुदा २००८ पासून पडून आहे, अमेरिका म्हणते त्यात तपासणीची सोय नाही आणि जमिनीवरची क्षेपणास्त्रं तर वगळूनच टाकलीत. मग तोवर काय, तुकडे वाढू द्यायचे? आपली क्षमता सिद्ध झालीय, आता पुन्हा चाचणी नाही असं आपण जाहीर करावं असं मला अगदी मनापासून वाटतं. करारासाठी भांडत राहायला त्यानं कुणी अडवत नाही.

प्रश्न: वरचा कचरा गोळा करता येत नाही का?
– नववीतली विद्यार्थिनी, नारायणगाव

उत्तर: बाळा, मोठ्या वस्तू एकेक करून हलवता येतात. चीनच्या शिजियान-२१ नं २०२२ मध्ये एक बंद पडलेला उपग्रह ओढून बाजूच्या कक्षेत नेऊन सोडला. पण जो उपग्रह मेलेल्याला ओढू शकतो तो दुसऱ्याच्या चालत्यालाही ओढू शकतो ना, म्हणून सगळे एकमेकांकडे संशयानं बघतात. इस्रोनं जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले, त्यातही असंच अगदी जवळ जाण्याचं कौशल्य लागलं. आणि अजून एक अडचण, त्याच १९६७ च्या करारानुसार वर गेलेली वस्तू फुटली तरी ज्या देशाची असेल त्याचीच राहते, म्हणजे दुसऱ्याचा तुकडा उचलायचा तर आधी त्याला विचारावं लागतं.