गिअरवाल्या पाईप कटिंग मशीनच्या ब्लेडचे दात उडतात तेव्हा

तुमच्या वर्णनावरून मला समजलं ते असं: मशीन जुनी घेतलेली, 315 मिमीचं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेड, काम मुख्यतः एक इंची चौकोनी 16 गेज पाईपचं आणि मधूनमधून स्टेनलेसच्या रेलिंगचं. पाईप संपता संपता ब्लेडचे दात उडतात, काप गुण्यात (काटकोनात) येत नाही, आणि मिस्त्रीने वर्म (मोटरने फिरणारा स्क्रूसारखा गिअर) व वर्म व्हील (त्याने फिरणारं, ब्लेड चालवणारं दातेरी चाक) दोन्ही बदलायला सांगितलंय. एवढा खर्च करण्याआधी जरा थांबा. गिअर झिजलेला असेलही, पण माझ्या यादीत त्याचा नंबर शेवटी लागतो.

दात पाईप संपताना उडतात, हे तुम्ही लिहिलंत ते फार कामाचं आहे. ब्लेड शेवटच्या भिंतीतून बाहेर पडतं तेव्हा त्याच्यावरचा भार एकदम जातो, पण हँडलवरचा हात तेवढाच दाबलेला असतो. मग मशीनमध्ये जिथे जिथे प्ले (ढिलेपणा) आहे, म्हणजे ब्लेडच्या पिनांत, वर्ममध्ये, हेडच्या (ब्लेड-मोटरचा खाली-वर होणारा भाग) बिजागरीत, व्हाइसमधल्या (पाईप पकडायचा शिकंजा) पाईपमध्ये, तो सगळा एका झटक्यात सुटतो आणि दात पाईपच्या कडेवर आपटतो. गिअरचा प्ले हा त्यातला फक्त एक वाटा. बाकीचे वाटे फुकटात कमी होतात, म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी ब्लेडवरचा दातांचा आकडा बघा. 315 च्या ब्लेडला 240 दात असतील तर दोन दातांमधलं अंतर साधारण 4 मिमी, 160 असतील तर 6 मिमी. 16 गेज म्हणजे जेमतेम 1.6 मिमी जाडीची भिंत. तिथे 240 चंच ब्लेड हवं, फार तर 200 चं. मोठ्या दाताचं ब्लेड पातळ भिंतीत अडकतं आणि तुटतं, मग मशीन कितीही नवी असो. जुन्या मशीनबरोबर आलेलं ब्लेड बऱ्याचदा भरीव बार कापायचं असतं, तेव्हा हे सगळ्यात आधी तपासा.

ब्लेड बसवताना मेन स्विच बंद करा, फ्लँज (ब्लेड ज्यावर बसतं ती चकती) आणि ब्लेडच्या दोन्ही बाजू कोरड्या फडक्याने पुसा. एखादा कीस मध्ये राहिला तरी ब्लेड डुलतं. पिनांवर ब्लेड चढवल्यावर ते हाताने फिरण्याच्या उलट दिशेला ओढून धरा आणि तसंच धरून बोल्ट आवळा. असं केल्याने पिन आणि भोक यांच्यातला प्ले आधीच निघून जातो. ही गोष्ट कुणी शिकवत नाही आणि पुष्कळ दात एवढ्यासाठीच जातात. बोल्ट पुष्कळ मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी खात्री करा. मग डायल (डुलणं मोजायचं घड्याळ) लावा. फ्लँजवर 0.02 मिमीच्या आसपास, आणि दातांजवळ 0.15 च्या वर मी जाऊ देत नाही.

मशीन हलवली असेल किंवा वायरिंग बदललं असेल तर ब्लेड बाणाच्याच दिशेने फिरतंय ना, ते पाहा. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर ब्लेड उलटं फिरतं.

आता गुण्याचं. एक तुकडा कापा आणि दोन शेजारच्या बाजूंवर गुण्या लावून बघा. वरच्या बाजूवर फरक दिसला तर व्हाइसचा कोन चुकलाय. उभ्या बाजूवर दिसला तर पाईप आडवा समपातळीत नाही किंवा हेड कललंय. 6 मीटरच्या पाईपला मागचा स्टँड थोडा वरखाली असला तरी काप बिघडायला पुरतं, त्यामुळे आधी लेव्हल लावा. त्यानंतर हेड धरून आडवं हलवा. खटखट जाणवली तर बिजागरीचा नट थोडा आवळा, पण हेड स्प्रिंगवर अलगद वर येईल एवढाच. आणि पाईप ब्लेडच्या दोन्ही बाजूंना पकडलेला हवा. एकच बाजू धरली तर कापता कापता तुकडा ब्लेडवर दाबतो.

एवढं करूनही दात उडायचे थांबले नाहीत, तर गिअर. स्विच बंद ठेवून ब्लेड हाताने पुढे-मागे हलवा, आणि दुसऱ्या माणसाला मोटरच्या मागचा पंखा बघायला सांगा. ब्लेड हलताना पंख्याचा शाफ्ट आतबाहेर सरकत असेल, तर व्हीलचे दात झिजलेले नसून वर्मच्या बेअरिंगमध्ये प्ले आहे. मागच्या कव्हरखालची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) कमी करून किंवा बेअरिंग बदलून तो जातो. शाफ्ट जागचा हलत नसेल आणि तरी ब्लेड बराच फिरत असेल, तर मात्र झीज दातांमध्ये आहे. मिस्त्रीने ही तपासणी केली होती का, ते विचारा.

ऑइल काढून बघा. पांढरट, ताकासारखं निघालं तर सील गेलंय आणि कुलंट (कापताना ब्लेडवर सोडायचं थंडाव्याचं पाणी-ऑइल मिश्रण) आत उतरतंय. सोनेरी चकाकी दिसली तर ब्रॉन्झचं व्हील झिजतंय. भरताना वर्म गिअरचं, 460 ग्रेडचं ऑइल घ्या, मशीनच्या प्लेटवर वेगळं लिहिलं असेल तर ते. ट्रकच्या डिफरन्शियलचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून टाकतात. त्यातलं गंधक ब्रॉन्झला खातं.

स्टेनलेसबद्दल. 315 च्या ब्लेडचा एक फेरा जवळजवळ एक मीटर होतो, म्हणून आरपीएम (ब्लेडचे मिनिटाला फेरे) हाच कापायचा वेग, मीटर प्रति मिनिट, धरा. साध्या लोखंडी पाईपला 25 ते 30 चालतो, स्टेनलेसला 10 ते 15. तुमच्या मशीनला एकच स्पीड आणि तोही 40 च्या पुढे असेल, तर स्टेनलेस तिच्यावर कापू नका, ब्लेड जळेल. कुलंट दहा भाग पाण्याला एक भाग, आणि पाण्यात ऑइल ओता, ऑइलमध्ये पाणी नको.

नवीन ब्लेडला पहिले काही काप निम्म्या दाबाने द्या. आणि शेवटची भिंत जवळ आली की हँडल हलकं करायची सवय कामगाराला लावा, हे रोज सांगावं लागलं तरी सांगा.

व्हील बदलायचीच वेळ आली तर वर्मही सोबत बदला, जुन्या वर्मवर नवं व्हील लवकर खराब होतं. बसवल्यावर निळा रंग लावून फिरवा. डाग व्हीलच्या दाताच्या मध्यापासून किंचित बाहेर पडणाऱ्या बाजूला यायला हवा, म्हणजे ऑइलला आत शिरायला जागा राहते. थोडा वेळ भाराशिवाय चालवून पहिलं ऑइल काढून टाका.

ब्लेडवरचा दातांचा आकडा आणि पंख्याच्या तपासणीत काय दिसलं ते कळवा, पुढचं त्यावर सांगतो.