ओस्टारासाठी दारावरचे फुलांचे कडे
20 मार्चच्या सुमारास येणाऱ्या वसंतसंपाताच्या दिवशी, म्हणजे आधुनिक पेगन (ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या निसर्गपूजेवर आधारलेल्या) परंपरेतील ओस्टारा या सणाला, आपण प्रथमच असे कडे करणार असाल, तर विलो या झाडाच्या ताज्या, लवचीक फांद्या घ्याव्यात आणि त्यांची टोके एकमेकींत अडकवून वर्तुळ वळावे, म्हणजे तारेची गरज फारशी पडत नाही. हे वर्तुळ ऋतुचक्राचे प्रतीक असल्याने त्यात घाई नको. विलोच्या रुपेरी, लवदार कळ्या पाण्यात न ठेवता सुकवल्यास तशाच टिकतात. डॅफोडिलची फुले मात्र लवकर माना टाकतात, म्हणून ती शेवटी खोचावीत. अंडी आणि ससा ही चिन्हे खुशाल वापरावीत, परंतु ती ओस्टाराशी जोडल्या जाणाऱ्या इओस्त्रे या प्राचीन देवीचीच असल्याचे ठामपणे सांगू नये, कारण इ.स. 725 च्या सुमारास तिचा उल्लेख करणाऱ्या इंग्लंडमधील बीड या धर्मपंडिताने या चिन्हांचा निर्देशही केलेला नाही.