एकाच दिवशी टोर्नेडो आणि वणवा?

प्रश्न : मुलगी ओक्लाहोमात असते. एप्रिलमध्ये तिथे एकाच दिवशी वादळाचा आणि वणव्याचाही इशारा कसा येतो?

उत्तर : तिथे दोन हवा भिडतात. पूर्वेला मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा, तिथे गारा आणि टोर्नेडो. पश्चिमेला वाळवंटी कोरडी हवा, सुकं गवत, सोसाट्याचा वारा. खरा घात वारा फिरल्यावर होतो. शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, येताच नैऋत्येचा वारा उत्तरेचा होतो आणि आगीची लांबलचक बाजूची कडाच तिचं पुढचं तोंड बनून दक्षिणेकडे धावते. अशा दिवशी वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरनेही गवत पेटतं. टोर्नेडोचा ‘वॉच’ (टोर्नेडो होऊ शकतो) आला की तयारी. ‘वॉर्निंग’ (टोर्नेडो दिसला किंवा रडारवर आढळला) आली की लगेच तळमजल्यावरच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत जावं, डोक्यावर हेल्मेट घालून.