चिलखती वाहनाला सगळीकडे सारखेच जाड चिलखत का देत नाहीत?

आपण विचारले आहे की पोलादाची टंचाई नाही, इंजिने पूर्वीपेक्षा ताकदवान झाली आहेत, मग रणगाड्याला किंवा इतर चिलखती वाहनाला चारी बाजूंनी सारखेच जाड चिलखत का देत नाहीत. आणि आता ड्रोन वरून येतात, तर निदान छत तरी जाड का करत नाहीत. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या खाली आपण एक वाक्य जोडले आहे, ‘शेवटी चिलखत म्हणजे जाड पत्राच ना’, आणि ते वाचल्यावर मला हे उत्तर लिहायला बसावे लागले. हलच्या, म्हणजे वाहनाच्या चिलखती धडाच्या, वेल्डिंगची तपासणी करण्यात माझी २२ वर्षे गेली, त्या काळात हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले, आणि एकदा त्याच वाक्यापुढे नमते घेऊन मी सही केली.

वजनाचे आधी सांगतो, कारण ते लवकर संपते. १० मिलिमीटर जाडीच्या पोलादाचा एक चौरस मीटर सुमारे ७८.५ किलो भरतो. हलचा बाहेरचा पृष्ठभाग ४० चौरस मीटर धरला, तर सगळीकडे केवळ १० मिलिमीटर वाढवण्यासाठी तीन टनांहून अधिक पोलाद लागते, आणि ते तीन टन सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स, फायनल ड्राइव्ह (चाकांना ताकद पोहोचवणारे शेवटचे गिअर), वाटेतले पूल या सर्वांच्या माथी बसतात. म्हणून जाडी वाटून द्यावी लागते: समोर आणि टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) तोंडाला जास्त, बाजूंना कमी, मागे आणि छताला सर्वांत कमी. दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याच्या पुढच्या वरच्या पत्र्याची जाडी ४५ मिलिमीटरच होती, पण तो उभ्या रेषेपासून ६० अंश झुकवलेला असल्यामुळे समोरून आडव्या येणाऱ्या तोफगोळ्याला ९० मिलिमीटर पोलाद पार करावे लागे. मात्र झुकवल्याने वजन वाचते, हा समज चुकीचा आहे. तितकीच उंची झाकायची तर झुकलेला पत्रा तेवढाच लांब लागतो आणि वजन तेवढेच भरते. खरा फायदा गोळा घसरून जाण्याचा असतो आणि त्याची किंमत आतल्या जागेत मोजावी लागते. वजनाची गणिते चुकली की काय होते, ते पँथरमध्ये पाहावे. हा जर्मन रणगाडा ३० टनांच्या वर्गातला म्हणून कागदावर आला आणि सुमारे ४५ टनांवर जाऊन थांबला. त्याचा पुढचा ८० मिलिमीटरचा झुकलेला पत्रा उत्तम होता, पण फायनल ड्राइव्ह त्या वजनाला कधीच पुरी पडली नाही आणि कित्येक पँथर एकही गोळा न लागता जागच्या जागी बसले.

इथपर्यंतचे कोणीही सांगेल. माझे म्हणणे वेगळे आहे: चिलखताची परीक्षा पत्र्याच्या मधोमध होत नाही, ती जोडावर होते. पहिल्या महायुद्धातले रणगाडे रिव्हेटांनी जोडलेले असत आणि बाहेरून मार बसला की रिव्हेटाचे डोके तुटून आतल्या माणसांवर गोळीसारखे उडे. दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंग सर्वत्र रुळले. सोव्हिएत संघात येव्हगेनी पॅटन यांच्या संस्थेने फ्लक्सच्या, म्हणजे वितळलेल्या धातूला हवेपासून झाकणाऱ्या भुकटीच्या, थराखाली आपोआप चालणारे वेल्डिंग टी-३४ च्या हलसाठी उभे केले, त्यामुळे मुरब्बी वेल्डरांची वानवा असतानाही नवशिक्या हातांकडून लांबच लांब जोड एकसारखे निघू लागले. जर्मनांनी जाड पत्र्यांच्या कडांना सुतार पाडतो तशा खाचा पाडून ते एकमेकांत अडकवले, म्हणजे तडाखा एकट्या वेल्डवर येऊ नये. दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट कळली होती, ती ही की वेल्डचा धातू चिलखताच्या पत्र्याहून दुबळाच असणार आणि म्हणून जोड कुठे ठेवायचा आणि कसा झाकायचा, हा आराखड्याचाच भाग आहे.

त्यात चिलखताचे पोलाद वेल्डिंगला मुळातच नाखूश असते. चाकांवर चालणाऱ्या वाहनांच्या पातळ पत्र्यांसाठी वापरतात ते जास्त कठीण पोलाद ५०० ब्रिनेलच्या (ब्रिनेल हे कठीणपणाचे माप) आसपास असते. वेल्ड झाल्यावर त्याच्या शेजारचा पट्टा झपाट्याने थंड झाला तर तो काचेसारखा ठिसूळ होतो. वेल्डिंगच्या रॉडवर किंवा पत्र्यावर ओल असेल तर तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो. आणि जोड आक्रसताना ताण तर निर्माण होतोच. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तडा जातो, आणि तो लगेच जात नाही. हायड्रोजन हळूहळू सरकत त्या ठिसूळ पट्ट्यात गोळा होतो, मग काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, पोलाद आतून फाटते. म्हणूनच पत्रा आधी गरम करायचा, पण बेताने, कारण हे पोलाद जवळपास २०० अंशांवर ताव देऊन त्या कठीणपणाला आणलेले असते आणि त्याहून जास्त तापवले तर नरम पडते. रॉड ओव्हनमध्ये भाजून गरम डब्यातच ठेवायचे. आणि अंतिम तपासणी ४८ तास थांबून करायची.

आता माझी गोष्ट. त्या कारखान्यात चाकांवर चालणाऱ्या चिलखती वाहनांचे हल तयार होत. तळ व्ही आकाराचा, सुरुंगाच्या स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकवण्यासाठी. तळाचा मुख्य जोड आम्ही फार जपून मारत असू: हल पोझिशनरवर, म्हणजे तो हवा तसा फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरवून जोड आडवा आणायचा, पत्रा गरम करून तापमान नोंदवायचे, ऑस्टेनिटिक तार (चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस पोलादाची) वापरायची, जी हायड्रोजन स्वतःतच धरून ठेवते आणि ताण सहन करते. त्या जोडांबद्दल मला आजही अभिमान आहे.

एका तुकडीच्या शेवटी डिझाइन विभागाकडून बदल आला. मागच्या दारावर टांगलेल्या पाण्याच्या कॅनचे वजन बिजागऱ्यांना झेपत नव्हते, म्हणून कॅनचे ब्रॅकेट डाव्या बाजूला, व्ही जिथे सुरू होतो त्याच्या अगदी वर, हलवायचे ठरले. ड्रॉइंगवर ब्रॅकेट ‘स्ट्रक्चरल नाही’, म्हणजे हलच्या मजबुतीशी संबंध नसलेले, या वर्गात होते, त्यामुळे पत्रा गरम करण्याची सूचना त्यावर नव्हतीच. हल तोवर पोझिशनरवरून उतरला होता. संध्याकाळच्या पाळीतल्या वेल्डरने जमिनीवर पाठ टेकून, थंड पत्र्यावर, सकाळपासून उघड्या पडलेल्या पाकिटातल्या रॉडने चार छोटे वेल्ड मारले. त्याचा दोष मी मानत नाही, कारण त्याच्या हातातल्या कागदाप्रमाणे त्याने सर्व बरोबर केले होते.

छोटा वेल्ड निरुपद्रवी असतो, असे बाहेरच्यांना वाटते. चिलखतावर नेमके उलट आहे. लांब जोड मारताना पत्रा स्वतःच तापत जातो. चार सेंटीमीटरचा वेल्ड मात्र मारता मारताच थंड होतो, कारण आजूबाजूचे सगळे पोलाद त्याची उष्णता शोषून घेते. आपल्या प्रश्नाचे माझ्या परीने सर्वांत महत्त्वाचे उत्तर इथे आहे: पत्रा जितका जाड, तितकी ही उष्णता वेगाने शोषली जाते आणि तितका तड्याचा धोका अधिक. जाडी वाढवल्याने वेल्डिंगची अडचण वाढते.

उत्पादन प्रमुखांना तो हल त्याच संध्याकाळी रंगकामाला पाठवायचा होता. मी ४८ तास मागितले. ते म्हणाले, “एका ब्रॅकेटसाठी दोन दिवस? साहेब, चिलखत म्हणजे शेवटी जाड पत्राच आहे.” मी वाद घातला, पण पुरेसा घातला नाही. पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरून ती उघड करणारा रंगीत द्रव, लावून तपासले, काही दिसले नाही, आणि मी सही केली. दिसणार तरी काय होते. तडा अजून गेलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याने मला बोलावले. प्रायमरवर केसासारखी रेघ उमटली होती, ब्रॅकेटच्या वेल्डच्या काठापासून निघून खालच्या मुख्य जोडाकडे वळलेली. चुंबकीय तपासणीत रेघ स्पष्ट दिसली, तर उत्पादन प्रमुखांचे म्हणणे पडले की मुख्य जोड ऑस्टेनिटिक आहे, त्याला चुंबकत्व नाही, त्यामुळे सीमेवर असा भास होतोच. ही गोष्ट खरी आहे, असा भास होतो. म्हणूनच मी ग्राइंडर मागवला. भास असता तर तो एका मिलिमीटरमध्ये नाहीसा झाला असता. आम्ही थोडे घासायचे, पेनिट्रंट लावायचे, पुन्हा घासायचे, रेघ हटेना. १२ मिलिमीटरच्या पत्र्यात ती ७ मिलिमीटर खोल आणि १४० मिलिमीटर लांब निघाली. त्या वाहनाच्या तळावर स्फोटाचा दाब आला असता, तर हल कुठून उघडला असता, ते सर्वांना दिसत होते.

बैठकीत डिझाइन प्रमुख शेवटपर्यंत एकच सांगत राहिले की ब्रॅकेट स्ट्रक्चरल नसल्यामुळे ड्रॉइंगमध्ये चूक नाही. मी म्हणालो की तड्याला ड्रॉइंग वाचता येत नाही. ते बोलणे त्यांना लागले आणि पुढे वर्षभर आमच्यात फक्त कागदांवरून संवाद झाला. त्याच बदलाचे आणखी चार हल होते, त्यांपैकी एकात तडा सापडला. दोन्ही दुरुस्त केले, आणि पुढच्या तुकडीपासून ब्रॅकेट बोल्टने बसवायचे ठरले. बोल्टची बैठक हल पोझिशनरवर गरम असतानाच वेल्ड करायची. म्हणजे मी जे मागत होतो तेच झाले. परंतु फायलीत कारण ‘तपासणीतील चूक’ असे नोंदवले गेले, आणि सही माझी असल्यामुळे ते खोटे आहे असेही मला म्हणता येत नाही.

आपण या क्षेत्रात शिरण्याचा विचार करत असाल, तर जाडी, कोन आणि कोणत्या गोळीला कोणते चिलखत पुरते याचे तक्ते आपण पाठ कराल, ते करावेच. पण ज्याने आराखडा काढला त्याने एकदा तरी त्या कोपऱ्यात टॉर्च घेऊन आडवे पडून पाहावे. माझ्या मते हा नियमच असायला हवा. पोलादाच्या हलला लागलेला प्रत्येक वेल्ड, मग तो कॅनचा असो, शिडीचा असो की दिव्याचा, हा चिलखताचाच वेल्ड मानावा. ‘स्ट्रक्चरल नाही’ हा शिक्का डिझाइनच्या सोयीसाठी असतो. आणि ४८ तासांचा आग्रह धरणाऱ्या तपासनीसाला कोणी ‘अडवणूक करणारा’ म्हणत असेल, तर त्याला म्हणू द्यावे. मी नाही म्हणू दिले, त्याचे फळ वर सांगितले आहे.

काही खुलासे करायला हवेत. वर लिहिलेले सर्व पोलादाचे आहे, तेही मुख्यतः जास्त कठीण पोलादाचे. रणगाड्यांसाठी वापरतात ते नेहमीचे लाटलेले चिलखती पोलाद तुलनेने नरम असते आणि थोडे अधिक समजूतदार, पण तिथे जाडी मोठी असल्याने हिशेब बरोबरीचा होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या हलचे आजार निराळे. एम-११३ या अमेरिकी सैनिकवाहू वाहनाचे ५०८३ मिश्रधातूचे हल चांगले वेल्ड होतात. स्कॉर्पियन या हलक्या ब्रिटिश रणगाड्याच्या कुळात वापरलेल्या जस्त-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत मात्र ताण आणि ओल यांमुळे काही वर्षांनी तडे जात. सिरॅमिक आणि संमिश्र चिलखत पोलादी हलच्या वर किंवा पोकळीत बसते, त्याविषयी मी लिहिलेले नाही, कारण तो माझा विषय नव्हता. आणि ४८ तास हा काही निसर्गनियम नाही; पोलाद, जाडी आणि तार यांप्रमाणे मुदत बदलते. शून्य तास मात्र कुठेच चालत नाहीत.

राहिले छत. ते हलच्या आकाराइतकेच पसरलेले असते आणि त्याचे सगळे वजन उंचावर बसते, म्हणून तिथे समोरच्याइतकी जाडी देणे वजनात बसत नाही. त्यातच झाकणे, पेरिस्कोप आणि हवेचे मार्ग यांच्यासाठी छताला भोके पाडावीच लागतात. त्यामुळे ड्रोनविरुद्ध सध्या जाळ्या, पिंजरे, स्फोटक चिलखताच्या विटा (मार बसताच स्वतः फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या पेट्या) आणि येणारे अस्त्र वाटेतच पाडणारी यंत्रणा असे उपाय जोडले जातात. यांतले बहुतेक उपाय वाहन तयार झाल्यानंतर, घाईत, ब्रॅकेटवर बसवले जातात. असा पिंजरा लावलेले वाहन कोणी मला दाखवले, तर जाळीची तार किती जाड आहे हे मी विचारणार नाही. ते ब्रॅकेट लावताना पत्रा गरम केला होता का, रॉड कुठून काढले होते आणि त्यानंतर वाहन किती तासांनी तपासले, एवढेच मला जाणून घ्यायचे असेल.